चकलीची जकात

ज्या दिवशी आमचा देश युरोपातून बाहेर पडला, त्या दिवशी सकाळी मी चहात साखर घातली नाही. जन्मभर गोडमिट्ट चहा पिणारा माणूस एकाएकी बिनसाखरेचा घोट घेऊन तोंड वाकडं करतोय म्हटल्यावर बायकोनं विचारलं, शुगर वाढली का? मी म्हटलं, नाही, सुतक आहे. ती टोस्टला लोणी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "सुतक भाऊबंदांचं असतं. तुमचं आणि बेल्जियमचं गोत्र एक आहे का?"

एवढे सगळे देश सोडून तिनं नेमकं बेल्जियमच काढलं, ते उगाच नव्हे. नेम धरून मारलेला खडा होता तो. जिथं लागायचा तिथं बरोबर लागला आणि मी चहा मुकाट्यानं संपवला. दुपारी तिनं शिरा केला तेव्हा सुतकही संपलं. माझं दुःख खरं होतं, पण शिराही खरा होता.

मी भूलतज्ज्ञ. इंग्लंडात लीड्सच्या एका हॉस्पिटलात उभी हयात लोकांना झोपवण्यात आणि, मुख्य म्हणजे, परत उठवण्यात गेली. आता निवृत्त आहे. देशानं एवढी मोठी शस्त्रक्रिया स्वतःवर करून घेतली आणि तीही भूल न देता, याचा मला एक व्यावसायिक राग आहेच. पण तो राग झाला. दुःखाचं काय, हे आमच्या इथल्या मराठी मंडळींना समजत नाही. एक मित्र म्हणाला, तुम्ही मूळचे सांगलीचे, तुम्हाला ब्रसेल्सचा एवढा कळवळा कशासाठी? सांगलीच्या माणसानं हळदीचा भाव पडला तर रडावं, युरोपसाठी रडू नये, असा काहीतरी नियम असावा. खरं उत्तर असं की हा कळवळा ब्रसेल्समध्ये जन्मलाच नाही. तो एका चिप्सच्या टपरीत जन्मला.

आम्ही या देशात आलो ते भारतीय पासपोर्ट घेऊन. तेव्हा इथून पॅरिसला चार दिवस जायचं तरी लंडनला जाऊन वकिलातीच्या दारात पहाटेपासून उभं राहावं लागे. त्यासाठी बायकोनं एक हिरवी प्लास्टिकची फाइल केली होती. तिच्यात हॉस्पिटलचं पत्र, बँकेचं पत्र, घरमालकाचं पत्र, लग्नाचा दाखला, त्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतर खरं असल्याचा दाखला, शिवाय प्रत्येकाच्या झेरॉक्स. बायको शाळेत शिक्षिका. मुलांना रांगेत उभं करणं आणि कागद नीट लावणं या दोन गोष्टींवर तिची श्रद्धा आहे. देवावर आहे, पण तो नंतर. खिडकीतल्या माणसानं मला विचारलं, पॅरिसमध्ये काय बघायचंय? मी म्हटलं, टॉवर. मग त्यानं तिच्याकडे वळून विचारलं, आणि तुम्हाला? ती म्हणाली, हे परत येतात की नाही ते. त्या माणसाला हे पटलं असावं. व्हिसा मिळाला.

पुढे आम्ही इथले नागरिक झालो. मला वाटलं होतं, आपण एका देशाचे झालो. घरी येऊन तो नवा डाळिंबी रंगाचा पासपोर्ट उघडून वाचला तेव्हा कळलं, एकावर एक फ्री म्हणतात तसा सगळा युरोपच बरोबर आला आहे. मी कधी मागितला नव्हता. कुणी दिला तेही माहीत नव्हतं. पण फुकट मिळालेल्या गोष्टीवर आम्हा सांगलीकरांचा जीव जरा जास्तच जडतो.

त्या उन्हाळ्यात गाडी घेऊन निघालो. बूटमध्ये कुकर, डाळ-तांदूळ, दिवाळीनंतर खास पुन्हा केलेल्या चकल्यांचा डबा, मागच्या सीटवर लेक, आणि पुढे बायकोच्या मांडीवर ती हिरवी फाइल. मी म्हटलं, आता फाइल कशाला, आपण ब्रिटिश झालो. ती म्हणाली, ब्रिटिश झालो हे त्यांना कसं कळणार? बोटीतून फ्रान्सच्या धक्क्याला उतरलो तेव्हा एका अधिकाऱ्यानं गाडीच्या काचेतून पासपोर्टांवर नुसती नजर टाकली आणि हातानं 'चला' म्हटलं. शिक्का नाही, प्रश्न नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मला वाटलं, हा माणूस आळशी दिसतो. खरी तपासणी पुढे बेल्जियमच्या सरहद्दीवर होईल.

सरहद्द आली ती एका गावाच्या मधोमध. रस्त्याच्या कडेला एक जुनी चौकी होती. छोटी, कौलारू, खिडकी रस्त्याकडे उघडणारी, वर झेंड्याची रिकामी काठी. पुढच्या-मागच्या गाड्या न थांबता सुसाट जात होत्या. मी ब्रेक मारला. बायको म्हणाली, थांबा म्हणून कुणी सांगितलं? मी म्हटलं, कायदा पाळणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि तिघांचे पासपोर्ट, लेकीचा जन्मदाखला, वर ती फाइल असं सगळं छातीशी धरून मी खिडकीपाशी गेलो. आतून तळणाचा वास येत होता. मला वाटलं, अधिकाऱ्यांच्या जेवणाची वेळ झाली असेल. आपल्याकडच्या जकात नाक्यावरही कधी कधी भज्यांचा वास येतोच.

खिडकीत एक बाई होती. माझ्याच वयाची, गोरीपान, घामेजलेली, डोक्याला रुमाल बांधलेला. मी पासपोर्ट पुढे केले. तिनं पासपोर्टाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्यामागे उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं. मग हातातला झारा खाली ठेवला, हात ॲप्रनला पुसले आणि पासपोर्ट घेतला. एकेक पान सावकाश उलटलं. फोटो आणि माझं तोंड ताडून पाहिलं. मी शर्टाची कॉलर नीट केली. शेवटी तिनं पासपोर्ट मिटून परत दिला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "फार छान आहे. चिप्स किती देऊ?"

ती चौकी बंद होऊन बराच काळ झाला होता. सरहद्दच उरली नव्हती म्हटल्यावर चौकीत माणूस कशाला? रिकामी इमारत या बाईनं घेतली होती आणि तिथं चिप्सची, म्हणजे बटाट्याच्या जाड तळलेल्या कापांची, टपरी टाकली होती. गाडीत बायको हसून हसून फाइल नसलेल्या रिकाम्या मांडीवर आडवी झाली होती. लेक मागून विचारत होती, बाबा काय करतोय? मी तीन पुडे चिप्स घेऊन, ताठ मानेनं गाडीकडे परत आलो. त्या चिप्सचं तळण तेलाचं होतं की चरबीचं हे आम्ही त्या दिवशी विचारलं नाही, आणि पुढेही कधी नाही. काही प्रश्न न विचारण्यानंच धर्म टिकतो.

त्यानंतर मात्र मी गाडीत बसून राहिलो नाही. चिप्स खाऊन झाल्यावर परत खिडकीपाशी गेलो आणि चकल्यांचा डबा पुढे केला. तिनं एक घेतली, उलटसुलट करून पाहिली, कुठून सुरू करायची ते तिला कळेना. मी बाहेरचं टोक दाखवलं. तिनं चावा घेतला, डोळे मोठे केले आणि आणखी दोन उचलल्या. माझ्या इंग्रजीला जकातीसाठी बरा शब्द सुचला नाही, पण मी तिला हातवाऱ्यांनी समजावलं की नाक्यावरून माल न्यायचा तर त्यातला थोडा नाकेदाराला द्यायचा असतो. तिला ते लगेच समजलं. नाकेदारी तिच्या रक्तातच असावी. तिनं डब्यातल्या निम्म्या चकल्या काढून घेतल्या.

रात्री हॉटेलात पाहिलं तर माझ्या पासपोर्टाच्या कोऱ्या पानावर एक तेलाचा डाग पडला होता. अंगठ्याएवढा, आरपार दिसणारा. बायकोचा पासपोर्ट प्लास्टिकच्या कव्हरात होता, तो वाचला. आमच्या घरात डाग फार काळ जगत नाही. हळद असो, शाई असो, चहा असो, तिच्याकडे प्रत्येकावर उतारा आहे. तिनं टाल्कम पावडर काढली आणि पासपोर्ट मागितला. मी दिला नाही. त्यावरून आमची जुंपली. मी म्हटलं, सगळ्या युरोपनं मला एक शिक्का दिला नाही, हा एवढाच मिळालाय. ती म्हणाली, तुम्ही म्हणजे अगदी too much करता. पण पावडर परत ठेवली.

मग तो आमचा रिवाजच झाला. दर एक-दोन उन्हाळ्यांनी कुठंही जायचं असलं तरी वाट वाकडी करून त्या गावातून जायचं. मी खिडकीपाशी जाऊन पासपोर्ट द्यायचे, नाकेदारीणबाईंनी कपाळाला आठ्या घालून ते तपासायचे, मी चकलीची जकात भरायची, मग त्यांनी हात हलवून सोडायचं. डागाची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या की मागचे दोन ट्रकवाले ताटकळले. बायको या सगळ्यात कधी उतरली नाही. ती गाडीत बसून काचेतून हात हलवायची आणि म्हणायची, हा तुमचा खेळ, तुम्हीच खेळा. पण चकल्या तीच करायची, भरपूर लोण्याचं मोहन घालून. जिभेवर ठेवली की विरघळायची. लेक मोठी झाली, आमच्याबरोबर यायची बंद झाली, चकल्या मात्र चालू राहिल्या.

आणि मग देशाला विचारण्यात आलं, राहायचं की जायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल लागला तेव्हा मी टीव्हीसमोर आ वासून बसलो होतो. तावातावानं म्हणालो, कोण आहेत ही माणसं? कुणी दिली असतील ही मतं? बायको माझ्यासमोर चहाचा कप ठेवत म्हणाली, "मी दिलं."

मला वाटलं, थट्टा करतेय. थट्टा ही आमच्या घरातली रोजची भाजीभाकरी. पण ती समोर बसली, तेव्हा तिच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता.

तिची ताई. थोरली बहीण, आईच्या जागी असलेली. आमच्या लेकीच्या लग्नाला त्या इथं येणार होत्या. साड्या घेऊन झाल्या होत्या, रुखवताचं सामान बांधून झालं होतं. त्यांना व्हिसा नाकारला. विधवा बाई, नोकरी नाही, परत जाईल याची खात्री नाही, असं काहीतरी कारण. बायकोनं पुन्हा कागद पाठवले, तिच्या पद्धतीनं, एकाखाली एक लावून. पुन्हा नकार. लग्न झालं, लेकीची पाठवणी झाली, आणि मावशीच्या जागी फोनवर एक चेहरा होता. त्यानंतर दोन वर्षांनी ताई गेल्या. इथं कधीच न येता.

"माझ्या ताईला रांगेत उभं करून दोनदा हाकललं," ती म्हणाली. "आणि युरोपातल्या लोकांनी नुसतं गाडीत बसायचं आणि यायचं? रांग सगळ्यांना सारखी हवी."

मी म्हटलं, व्हिसा बेल्जियमनं नाकारला नव्हता, इथल्याच सरकारनं नाकारला होता. ती म्हणाली, मला माहीत आहे. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, मग काही नाही, मला राग आला होता. मी इथंच थांबायला हवं होतं. पण माझं तोंड बोलून मोकळं झालं की त्या टपरीवाल्या बाईला आता कोणत्या तोंडानं भेटायचं? ती उठली, कप उचलला आणि सिंकपाशी जाऊन पाठमोरी म्हणाली, "तुम्हाला कुणी अडवलंय? तुम्ही एकटे जा."

एकटं जाऊन काय करायचं होतं मला? दोष द्यायचा तर कुणाला द्यायचा? आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरात बोलणं बंद वगैरे काही झालं नाही. इतकी वर्षं एकत्र काढलेल्या माणसांना अबोला परवडत नाही, टीव्हीचा रिमोट कुणीतरी मागावाच लागतो. आमची थट्टा पूर्वीसारखीच चालू होती, सुतकाची आणि गोत्राची. फक्त त्या नाक्याचं नाव कुणी काढत नव्हतं. उन्हाळा आला की ती बागेचं काढायची, मी गुडघ्याचं काढायचो. मग मध्ये महामारी आली, तिनं तर सगळ्या जगालाच सबब दिली. माझा शेवटचा डाळिंबी पासपोर्टही संपला, निळा आला. लेक फोनवर म्हणाली, बाबा, तुझी नवी पासपोर्ट ब्लू आहे, हॅपी? मी म्हटलं, खूप. पहिला, डागवाला मी कपाटात जपून ठेवला होता, तो अधूनमधून उघडून उजेडाकडे धरायचो. मला त्या नाक्यावर जायचं होतं, आणि तिच्यासकट जायचं होतं. माझं सगळं राजकारण एवढ्यावर येऊन ठेपलं होतं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस मी बागेतून आत आलो तर घरभर भाजणीचा वास. दिवाळीला अजून अवकाश होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ती ओट्यापाशी चकल्या पाडत होती. म्हणाली, बोटीचं बुकिंग केलंय, गुडघ्याच्या गोळ्या घेऊन ठेवा. बोललो असतो तर तिचा विचार बदलला असता. नुसती एक चकली उचलली आणि दात मोडता मोडता वाचला.

मी म्हटलं, या गाडीच्या चाकांना चांगल्या बसतील. ती म्हणाली, लोणी नाही घातलं. का? तर म्हणे, आता दूध, लोणी, चीज असलं काही इथून तिकडे नेता येत नाही, नियम आहे. नुसतं तेलाचं मोहन घातलंय. मी म्हटलं, अगं, बिस्किटं चालतात, मी वाचलंय, भाजलेल्या-तळलेल्या पदार्थाला कोण विचारतंय? ती म्हणाली, चकली म्हणजे बिस्कीट का? ते ठरवायला आपण कोण? उगाच त्या लोकांना खोटं सांगायला नको.

हे नियम कुणामुळे आले, हा प्रश्न अगदी माझ्या जिभेच्या टोकावर होता. एरवी एवढी सोपी संधी मी सोडत नाही. पण कढईपाशी उभं राहून त्या कडक चकल्या ती एकेक करून पाडत होती, सोऱ्या दाबताना तिचं मनगट दुखत होतं, आणि मला एकदम कळलं की हे नियम तिनं बसून शोधून वाचले आहेत. माझ्यापेक्षा आधी, माझ्यापेक्षा नीट. मला फार वाईट वाटलं. मी आणखी एक चकली उचलली आणि चावत राहिलो.

निघताना तिनं नेहमीप्रमाणे माझ्या हातावर दही घातलं. गावाला जाणारं माणूस सुखरूप परत यावं म्हणून घालतात ते. मी म्हटलं, लवकर चाटून टाकतो, हा माल बॉर्डरपलीकडे चालत नाही. ती म्हणाली, चला आता.

फ्रान्सचे अधिकारी आता डोव्हरलाच, बोटीच्या आधी बसतात. पूर्वी त्यांच्यासमोर गाडीचा वेग नुसता कमी व्हायचा. या वेळी रांग होती, लांबच लांब, उन्हात. बायकोच्या मांडीवर ती हिरवी फाइल होती. ती तिनं कुठून काढली देव जाणे, मला वाटलं होतं कधीच टाकून दिली असेल. परतीचं बुकिंग, हॉटेलचं बुकिंग, विमा, बँकेचा कागद, सगळं लावलेलं. एका खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, कुठं, किती दिवस, परत कधी? बायकोनं फाइल उघडेपर्यंत त्यानं दोन्ही पासपोर्टांवर शिक्के मारले होते. ठप, ठप. इतकी वर्षं मला हवा असलेला युरोपचा शिक्का, आणि तो बघून मी बाहीनं डोळे पुसले. शिक्का पाहुण्याला मारतात. घरच्या माणसाला कुणी मारत नाही.

बायकोनं विचारलं, डोळ्यांना काय झालं? मी म्हटलं, ऊन. तिनं माझ्या बाजूचं सनशेड खाली केलं.

त्या गावापर्यंत मी गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. टपरी असेल का, बाई असेल का, याची धास्ती होती. टपरी होती. भिंतींना नवा रंग दिला होता, झेंड्याच्या काठीला कुणीतरी फुलांची कुंडी टांगली होती. खिडकीत नाकेदारीणबाई होत्या. केस पांढरे झालेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी गाडीतून उतरलो, लंगडत खिडकीपाशी गेलो. त्यांनी क्षणभर निरखून पाहिलं आणि हात पुढे केला, तळवा वर करून, जसा नेहमी करायच्या तसा.

मी पासपोर्ट दिला. त्यांनी चष्मा लावला, आठ्या घातल्या, पानं उलटली. शिक्क्याच्या पानावर त्या थांबल्या. शिक्क्यावर बोट ठेवलं. आठ्या तशाच राहिल्या, पण आता त्या खेळातल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, इतकी वर्षं का आला नाहीत? मी गुडघ्यापासून सुरुवात केली, मग महामारीवर आलो. एवढ्यात माझ्यामागून आवाज आला, "माझ्यामुळे."

बायको गाडीतून उतरली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात तिचा पासपोर्ट, काखेत चकल्यांचा डबा. शाळेतल्या मुलांशी बोलायची तशा इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "मी बाहेर पडायला मत दिलं होतं. माझ्या बहिणीला येऊ दिलं नाही, म्हणून."

बाईंनी विचारलं, "आम्ही?"

"नाही," ती म्हणाली. "आम्हीच."

मागे कढईत तळण चुरचुरत होतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग हात पुढे करून आधी डबा घेतला. एक चकली काढून बाहेरच्या टोकापासून सुरुवात केली. कडाड आवाज झाला. त्यांनी गालाला हात लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जकात खोटी भरली आहे. बायको घाईनं म्हणाली, लोणी नाही घातलं, आता आणता येत नाही. बाईंनी मान डोलावली. चकली पूर्ण संपवली, सावकाश, एका बाजूच्या दातांनी. मग तिचा पासपोर्ट मागितला.

बायकोनं तो प्लास्टिकच्या कव्हरातून काढून दिला. बाईंनी एकेक पान उलटलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. शिक्क्याच्या पानावर आल्या. तिथं थोड्या थांबल्या. मग चिप्स निथळत ठेवायच्या पत्र्याच्या कडेला अंगठा टेकवला आणि त्या शिक्क्याशेजारी तो नीट दाबून उमटवला. पासपोर्ट उघडाच परत दिला, दोन पुडे चिप्स दिले आणि हात हलवून आम्हाला सोडलं.

गाडीत बसल्यावर मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून टिश्यू काढून तिच्यापुढे धरला. डाग बघवत नाही तिला, मला माहीत होतं. ती पासपोर्ट मांडीवर उघडा धरून बसली होती. कागदात तेल हळूहळू पसरत होतं.

"राहू दे," ती म्हणाली.

मी गाडी सुरू केली. गाव मागे पडलं. बेल्जियम कधी लागला ते नेहमीसारखंच कळलं नाही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताईला एकदा इथं आणायला हवं होतं."

ताईंना इथं यायलाही व्हिसा लागला असता. मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. मी म्हटलं, "हो, आणायला हवं होतं."